गाळावरचं इंजिन

पातेल्यावरचं झाकण उचललं आणि बेबीताई उकिडव्या बसून नुसत्या पाहतच राहिल्या. काल संध्याकाळी त्या पातेल्यात कचोरीच्या कढईतला काळा गाळ होता. जळका मैदा, मसाल्याची चुरी, डाळीचे कोळसे, सगळं एकजीव झालेलं. त्यात त्यांनी कढत पाणी ओतलं होतं, मूठभर मीठ घातलं होतं, आणि वरणासारखं घोटून झाकून ठेवलं होतं. आता गाळ मुकाट्याने तळाला बसला होता, मध्ये गढूळ पाणी होतं, आणि वर चांगलं चार बोटं जाड, मधाच्या रंगाचं तेल तरंगत होतं.

त्यांनी बोट बुडवलं, चोळून पाहिलं, वास घेतला. तेलच होतं. ज्या गाळाला अख्ख्या अकोल्यात कुणी हात लावत नाही, त्यातून निघालेलं.

किल्ल्यामागच्या बोळात बेबीताईंचं कचोरीचं दुकान कितीतरी वर्षांचं. तळून तळून काळं पडलेलं तेल न्यायला एक माणूस डबे घेऊन येई. त्याचं म्हणे पुढे कुठेतरी डिझेल होतं. पण तो मोठा चोखंदळ. वरचं नितळ तेल तेवढं ओतून घ्यायचा आणि खालचा गाळ त्यांच्याच डब्यात सोडून म्हणायचा, "हे तुमचं तुमी पाहा बाई." हा गाळ नालीत टाकला की नाली तुंबे, उकिरड्यावर टाकला की कुत्री लोळत, आणि घरात ठेवला की वास सुटे. बेबीताईंच्या डोक्यात एवढ्यात एक गोष्ट मात्र बसली होती. वरच्या तेलाचं डिझेल होतं, तर खालच्यानं काय घोडं मारलंय?

आणि डिझेलची त्यांना गरज होती. स्वतःसाठी नाही. त्यांच्या नवऱ्यासाठी.

दुकानाला लागूनच्या टिनाच्या शेडमध्ये मोतीरामभाऊंचं मिरची कांडप होतं आणि त्याला जोडलेलं काळं, बुटकं, जुनं डिझेल इंजिन. हंगामात बायका लाल मिरचीची पोती घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत बसलेल्या असायच्या. मोतीरामभाऊ पहाटे उठून इंजिन पुसायचे, हँडल मारायचे, आणि दिवसभर त्या धडधडीत राजासारखे वावरायचे. मागच्या हंगामाच्या शेवटी ते म्हणाले, डिझेल परवडत नाही, बंद करू. केलं. तेव्हापासून माणूस खाटेला लागला. आजार काही नव्हता. सकाळी दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचं, चहा दिला तर घ्यायचा, विचारलं तर "हो" किंवा "नाई" म्हणायचं, पुढे तिसरा शब्द नाही.

अमरावतीला नोकरीला असलेला मुलगा कुलदीप बापावर जीव टाकणारा. त्याने परस्पर ठरवलं की इंजिन भंगारात द्यायचं आणि कांडपाला विजेची मोटर बसवायची. रविवारी तो मोटर घेऊनच येणार होता. "बटन दाबलं का झालं, माय," तो फोनवर म्हणाला. बेबीताईंना ते बटणच खटकलं. बटण दाबायला मोतीरामभाऊ कशाला लागतात? ते तर मिरची घेऊन आलेली बाईसुद्धा दाबेल. मोटर बसली की हा माणूस त्या खाटेवरून पुन्हा उठायचा नाही, अशी त्यांची खात्रीच झाली होती. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त गाळ घोटायला घेतला होता.

त्या पातेलं घेऊनच खाटेजवळ गेल्या.

"अवो, हे पाहा."

"काय होय?"

"तेल. गाळातलं."

"मंग? पुन्हा कचोऱ्या तळतं काय त्याच्यात?"

"इंजन चालवाचं हाये त्याच्यावर."

मोतीरामभाऊंनी पातेल्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "बह्याड झाली काय तू?" म्हणाले आणि कूस बदलून मोकळे झाले. पण बेबीताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. किती दिवसांनी नवऱ्याच्या तोंडून लागोपाठ इतके प्रश्न निघाले होते.

तेल ओगराळ्याने काढून, लुगड्याच्या धडप्यातून दोनदा गाळून त्यांनी बाटली भरली आणि दुसऱ्याच दिवशी हट्ट धरला की हँडल मारा. ते हँडल दुसऱ्या कुणाला जमत नसे. मोतीरामभाऊ कुरकुरले, पण बाईचा हट्ट कुठवर थांबणार हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. उठले. टाकीत बाटली उपडी केली. चार-पाच झटक्यांनंतर इंजिनाने एक ढेकर दिला, पांढऱ्या धुराचा लोट सोडला, दोनदा फटफटलं, आणि म्हाताऱ्यासारखं खोकून बंद पडलं. मग काही केल्या उठेना.

आणि मग मोतीरामभाऊ हसले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. "कुलदीपची माय, तेलही गेलं अन् तूपही गेलं बापा." घाम पुसत ते खाली टेकले. "अवं, पानी हाये त्याच्यात. पान्यावर इंजन चालते काय कुठी?"

बेबीताई चिडायच्या ऐवजी उजळल्या. पाणी! त्या धावत दुकानात गेल्या, तापलेल्या तव्यावर पातेल्यात उरलेल्या तेलाचा एक थेंब टाकला. थेंब चुरचुरून उडाला. अर्धं आयुष्य कढईपुढे काढलेल्या बाईला एवढं आधी सुचू नये, याची त्यांना लाजही वाटली आणि आनंदही झाला. कारण हे तर सोपं होतं. पाणी आहे, तर वाळवायचं. आणि वाळवायला अकोल्याच्या मे महिन्यासारखी भट्टी जगात कुठे मिळणार होती?

त्या दिवसापासून घरात लगीनघाईच झाली. गल्लीतल्या बायकांनी गच्चीवर कुरडया आणि सरगुंडे घातले होते, त्यांच्या शेजारी बेबीताईंनी परातींमधून तेल वाळत घातलं. पातळ थर दिला की ऊन तळापर्यंत लागतं, हे वाळवणाचं साधं शास्त्र. दर थोड्या वेळाने त्या वर जायच्या, थेंब तव्यावर टाकून पाहायच्या. चुरचूर कमी होत होती. त्यांना वाटे, आता नाचावं.

आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होत्या. मोतीरामभाऊ भिंतीकडे पाठ करून, तोंड इकडे करून झोपायला लागले होते. मग उठून बसले. मग एक दिवस जिन्यावरून वर आले आणि परातीत बोट घालून म्हणाले, "थोडंसंच हाये हे. याच्यावर किलोभर मिरची कुटल्या जाईन, बस."

"मंग आनखी गाळ आनते मी."

"कुठून?"

"पार्बताबाईकडून."

पार्बताबाईंची खानावळ दोन बोळं सोडून. म्हातारी वऱ्हाडी जेवणासाठी प्रसिद्ध. तिचे पुरणाचे कानोले आणि भजी खायला बाजारसमितीतले लोक उन्हातान्हाचे येत. तिने गाळाचा अख्खा डबा आनंदाने दिला. घरातली पीडा जात होती, नको कोण म्हणणार? "ने बापा, ने," ती म्हणाली, "अन् डबा वापस नको आनू." बेबीताईंनी तो गाळही घोटला, निघालेलं तेल आपल्या तेलात मिसळलं, आणि होत्या नव्हत्या त्या साऱ्या पराती गच्चीवर मांडल्या. यावेळी तव्यावरचा थेंब गुमान बसून राहिला. हूं नाही की चूं नाही.

शनिवारी सकाळी इंजिन दुसऱ्याच झटक्यात जागं झालं. आधी अडखळलं, मग धडधड सुरू झाली, ती ओळखीची, पायाखालची फरशी हलवणारी. बोळातली पोरं धावत आली. मोतीरामभाऊंनी पट्टा चढवला, बेबीताईंनी मूठभर मिरची टाकली, आणि मुसळं उठायला लागली. बेबीताईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आतून काहीतरी उसळून वर येत होतं आणि ते हसू होतं की काय, हे त्यांनाच कळत नव्हतं.

आणि मग आवाज बसला. धडधडीची फटफट झाली, काळा धूर निघाला, आणि इंजिन घुसमटून बंद पडलं.

बेबीताईंचा संताप अनावर झाला. उद्या रविवार. उद्या मोटर. त्यांनी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. आधी पोरांना हाकललं, मग पार्बताबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि शेवटी नवऱ्यावर घसरल्या. "तुमाले वाटतच नाई हे चालावं असं. बसा मंग त्या भिंतीकडं पाहात."

मोतीरामभाऊंनी पाना घेतला आणि इंजिनाचं नोझल खोलायला घेतलं. नोझल म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून तेल आत फवारलं जातं तो तुकडा. त्यांनी तो उजेडात धरला, नखाने खरवडला आणि बायकोपुढे केला. "हे पाह्य. डिंकावानी काय बसलं याच्यात?"

पिवळसर, चिवट, रबरासारखं. बेबीताईंनी ते बोटांत ओढून पाहिलं. आणि त्या एकदम ताडताड जिना चढून गच्चीवर गेल्या. रिकाम्या परातींच्या कडांना तसंच काहीतरी चिकटलं होतं. एका परातीत तर उरलेल्या तेलावर दुधावर येते तशी जाड साय आली होती. त्यांनी ती उचलली, तर अख्खं कातडं सोलून हातात आलं. वास घेतला. तो वास त्यांच्या माहेरचा होता. शेंदूरजनाघाटच्या घरी दरवर्षी दारांच्या चौकटींना तेल चोळत, आणि दोन उन्हं खाल्ली की लाकडावर असंच चकचकीत कातडं चढे.

"जवस," त्या वरूनच म्हणाल्या. "अवो, जवसाचं तेल होय हे."

पार्बताबाईंच्या भज्यांना चव कशाची, हे सगळ्या अकोल्याला ठाऊक होतं. म्हातारी अजून जवसाच्या तेलात तळायची. आणि जवसाचं तेल पातळ पसरून उन्हात ठेवलं की वाळून कातडं होणार, हेही वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. बेबीताईंनी उत्साहाच्या भरात तेच तेल स्वतःच्या हाताने गच्चीवर नेऊन, पराती मांडून, कुरडईसारखं निगुतीने वाळवलं होतं. आपल्याच शहाणपणाने आपला घात केला होता. त्या गच्चीवरच खाली बसल्या आणि त्यांना रडू यायला लागलं.

मोतीरामभाऊ वर आले. हातात काळं फडकं होतं. "रडून काय राहिली? कचोरीचा गाळ उरला हाये ना आपला?"

"हाये. मधल्या दिवसांतला, डबाभर."

"मंग चाल. तो घोट. पराती नको मांडू आता, जाड बुडाच्या पातेल्यात मंद जाळावर पानी उडव. मी नोझल धुतो." आणि जिन्यावर थांबून ते म्हणाले, "अन् ऐक. थंड इंजनाले हे जाड तेल पचत नाही. दोन टाक्या लावतो. आधी कपभर डिझेलवर गरम करू, मंग तोटी फिरवून तुह्या तेलावर आनू. कसं?"

कसं म्हणजे काय! नवरा इतका बोलला यावर बेबीताईंचा आधी विश्वासच बसेना. दिवसभर दोघं राबली. बेबीताईंनी पातेल्यातलं तेल असं जपून ढवळलं की बासुंदी आटवतानाही कुणी इतकं जपत नसेल. तव्यावरचा थेंब गप्प बसला तशी त्या थांबल्या. मोतीरामभाऊंनी नोझल धुतलं, नळ्या फुंकल्या, तुपाचा जुना डबा टाकी म्हणून वर टांगला आणि त्याला तोटी बसवली. दुपारचा चहा त्यांनी इंजिनापाशी उभ्यानेच घेतला.

रविवारी कुलदीप टेंपो घेऊन बोळाच्या तोंडाशी आला, तेव्हा शेडपुढे गर्दी होती. पार्बताबाई मिरचीचं पोतं घेऊन सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. आपल्या तेलाची बदनामी झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्या त्याचा निकाल लावायलाच आल्या होत्या.

"माय, काय होय हे?" कुलदीपने विचारलं.

"चूप बस अन् पाह्य," बेबीताई म्हणाल्या. त्यांच्या छातीत इतकं धडधडत होतं की इंजिन लावायची गरजच नव्हती.

मोतीरामभाऊंनी हँडल लावलं. एक झटका. दुसरा. तिसऱ्याला इंजिन कपभर डिझेलवर सुरू झालं. ते थांबले. हात इंजिनाच्या अंगावर ठेवून ते ताप पाहावा तसे उभे राहिले. मग त्यांनी बायकोला खुणावलं. बेबीताई पुढे झाल्या. त्यांनी तोटी फिरवली.

इंजिनाचा आवाज किंचित जाड झाला. आवाज तसाच राहिला. जाड, भरदार, एकसारखा. पट्टा चढला, मुसळं उठली, पार्बताबाईंची मिरची लाल धूळ होऊन पडू लागली. आणि धुराड्यातून जो धूर निघाला त्याला ताज्या, खमंग कचोरीचा वास होता. बोळाच्या टोकाला एक माणूस सायकल थांबवून उभा राहिला आणि कचोरी कुठे मिळते म्हणून विचारायला लागला. लोक हसत होते, शिंकत होते, पुन्हा हसत होते. अर्धं पोतं झालं. पाऊण झालं. इंजिन चालतच होतं. बेबीताईंना वाटलं, आपल्याला पंख फुटतील.

"माय, जितली तू," कुलदीप त्यांच्या कानाशी ओरडला. "मोटर वापस नेतो मी."

"मोटर उतरव," मोतीरामभाऊ म्हणाले.

बेबीताईंना वाटलं, आवाजात नीट ऐकू आलं नाही. "काय म्हनता?"

"म्हनलं, मोटर उतरव कुलदीप."

"अवो, पन इंजन चालून राहिलं ना?"

"चालून राहिलं. भल्लं चालून राहिलं." इंजिनाच्या वर आवाज चढवावा लागत असल्याने मोतीरामभाऊ ओरडून बोलत होते, आणि अख्खा बोळ ऐकत होता. "पन हँडल कोन मारन? हा खांदा गेला माह्या. हँडल मारलं का हात वर होत नाही, कूस बदलता येत नाही. मांगच्या साली डिझेल परवडत नाही म्हनलं मी. तसं काही नोतं. खांदा परवडत नोता."

"मंग सांगतलं काहून नाही मले?"

"कसं सांगू? लग्न होऊन आली तवापासून साऱ्या गल्लीले सांगत राहिली, आमच्या घरी इंजन हाये, आमच्या घरी इंजन हाये. म्हनलं, हिचं मन मोडन. अन् हँडल मारता येत नाही अशा मानसाचं करतं काय तू?"

बेबीताई मिरचीच्या रिकाम्या पोत्यावर मटकन बसल्या. हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता तो खांद्याचं दुखणं लपवायला. आणि त्या पहिल्या दिवशी, काल, आज, तीनदा त्याने हँडल मारलं होतं ते केवळ आपली बायको वेड्यासारखी पातेली घेऊन नाचत होती म्हणून.

"अन् मी हे कोनासाठी करून राहिली होती?" त्याही ओरडल्या. "मले काय करायचं तुमच्या इंजनाचं? तुमी उठावं म्हनून घोटला मी तो गाळ."

मोतीरामभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. पार्बताबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मिरचीनेही असेल. कुलदीप टेंपोकडे पाहत उभा होता, तिथे पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

"इंजन शेंदूरजनाले धाडू," मोतीरामभाऊ म्हणाले. "तुह्या भावाच्या, श्यामच्या मळ्यात. दिवसा विजेची लाइन नसते त्याले, पानी ओढता येत नाही. हँडल तो मारन, तरना हाये. तेल आपन देऊ."

"एवढं तेल?"

"एवढंच काय? स्टँडसमोरचे सारे हॉटेलवाले पहाटे कढया घासतात अन् गाळ नालीत सोडतात. नालीत जायच्या आधी गाठलं पाहिजे त्यांले. तुह्या दुकानाची वेळ ती, तू नको येऊ. मी जाईन डबे घेऊन. जवसवाले वेगळे, बाकीचे वेगळे." त्यांनी दुखरा खांदा दुसऱ्या हाताने धरला आणि डोकं बायकोच्या कानाशी नेलं. "उद्या मले पाचले उठव."

बेबीताईंनी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि इंजिन चालू असताना ऐकू जायचं तर फार मोठ्यांदा रडावं लागलं असतं.